घरच्याला पगार कसला

(जळालेल्या विजेच्या मोटारींचं वायंडिंग, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने भरून देणारं वर्कशॉप. दुपारची जेवणाची सुट्टी. भाचा बाकावर एका मोटारीत तार भरतो आहे, मामा समोर खुर्चीत.)

भाचा : पुन्हा सांगा, मामा. परदेशी ऑफिसातल्या त्या बाईने फोनवर काय विचारलं आणि तुम्ही काय बोललात. शब्दन् शब्द.

मामा : अरे, किती वेळा तेच तेच! तुझं कौतुक केलं म्हटलं ना. एवढं कौतुक मी पोटच्या पोराचं केलं नाही कधी.

भाचा : कौतुक राहू द्या. पहिला प्रश्न काय होता?

मामा : पहिल्यांदा तिने तुझं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. मला क्षणभर कळेचना कोण ते. म्हटलं, असा कुणी नाही इथे. मग डोक्यात उजेड पडला, अरे, हा तर आपला बारक्या!

भाचा : म्हणजे सुरुवातच ‘असा कुणी नाही इथे’ अशी.

मामा : लगेच सावरलं की मी. हसलीसुद्धा ती.

भाचा : मग?

मामा : मग म्हणाली, हा मनुष्य तुमच्याकडे नोकरीला आहे का? आता तूच सांग. समोर बर्फाच्या कारखान्याचे मालक बसलेले, त्यांचा मॅनेजर बसलेला. मी काय म्हणू? हो बाई, माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा माझ्याकडे नोकर आहे? म्हटलं, नोकर? तोंड सांभाळून बोला. घरचा मुलगा आहे तो. बहिणीची एवढी एकच खूण उरलीय माझ्याकडे.

भाचा : तोंड सांभाळून बोला, असं म्हणालात?

मामा : मध्ये दुभाषा होता ना. त्याला दम दिला, जसंच्या तसं सांग बाईला.

भाचा : सांगितलंय त्याने. छापून आलंय.

मामा : काय छापून आलंय?

भाचा : निकाल. तिकडे कामाला जायच्या माझ्या अर्जाचा, सकाळी मेल आला. मी प्रिंट काढून आणलीय. ती बघा, तुमच्या चष्म्याखाली.

मामा : मला कुठे कळतेय ती भाषा. तू सांग. झालं ना काम?

भाचा : कोर्सचं सर्टिफिकेट मान्य. त्याला काही नावं ठेवली नाहीत. अनुभव एकोणीस वर्षं दाखवला होता. धरला शून्य.

मामा : शून्य? शून्य कसं? वीस वर्षांचा होतास तू, या बाकावर बसलास तेव्हा. तिथे ती जागा झिजून गेलीय तुझ्या कोपराने!

भाचा : कोपराचं काही लिहिलेलं नाही. कारणं लिहिलीत. मालकाच्या म्हणण्यानुसार सदर व्यक्ती कर्मचारी नाही. कामाचे तास ठरलेले नाहीत. पगार दिला जात नाही.

मामा : पगाराचं तिने आडवळणाने विचारलं. मी सरळ म्हटलं, घरच्याला पगार कसला? काय चुकलं माझं? तू मागितलंस आणि मी दिलं नाही, असं एकदा तरी झालं का?

भाचा : नाही झालं.

मामा : लग्न लावून दिलं. खोली बघून दिली. पोरीची फी कधी थांबली?

भाचा : नाही थांबली. पण प्रत्येक वेळी मागावं लागलं, मामा. पगार मागावा लागत नाही.

मामा : काय बोलतोस तू हे!

भाचा : तांब्याचं भंगार निवडणारा म्हातारा आहे ना आपला, त्याला महिन्याच्या महिन्याला पावती मिळते. हजेरीच्या वहीत त्याचं नाव आहे. झाडूवालीचं आहे. एकोणीस वर्षांच्या वह्या आज आल्या आल्या मी उलटून पालटून पाहिल्या. माझं नाव कुठेच नाही.

मामा : वहीत परक्यांची नावं असतात रे. तुझं कशाला लिहू?

भाचा : पुढे ऐका. कामाचं स्वरूप. दुकान उघडणे, चहा सांगणे, गिऱ्हाइकाशी बोलणे आणि, हे तुमचंच वाक्य आहे, त्यांनी अवतरणात टाकलंय, ‘मला आंघोळ घालायचं सोडलं तर सगळं करतो’.

मामा : अरे, गंमत होती ती!

भाचा : त्यांच्याकडे गमतीचा रकाना नाही. त्यांनी ती घरगुती मदतीत घातली. इथे मी मोटारी भरतो हे कुणीच बोललं नाही, मामा. बोलायचं होतं फक्त तेवढंच.

मामा : ते काय, सगळ्यांना माहीत आहे. शहरात कुणालाही विचारावं.

भाचा : त्यांनी तुम्हाला विचारलं.

मामा : बरं, झालं ते झालं. जेवून घे आधी. मामी डबा घेऊन येतेय.

भाचा : झालं ते झालं नाही. फेरतपासणी मागता येते. हा कागद मी लिहून आणलाय. फोनवर मी नात्याच्या भरात बोललो, हा मनुष्य इथे एकोणीस वर्षं वायंडर म्हणून काम करतो, सकाळी नऊ ते सात, त्याला त्याचा मोबदला मिळतो. खाली सही आणि शिक्का.

मामा : बघतो. ठेव तिथे.

भाचा : आज हवीय. चोवीस दिवस उरलेत. पंचविसाव्या दिवशी मला चाळीस पूर्ण होतात. चाळिशी लागली की वयाचे गुण कापतात आणि मी आत्ताच काठावर आहे. मग अनुभव मोजला काय, न मोजला काय, दार बंद.

मामा : असल्या कागदावर घाईने सही करू नये. वकिलाला दाखवतो.

भाचा : तुम्ही या वर्कशॉपच्या जागेच्या कागदावर जेवता जेवता सही केली होतीत. डाव्या हाताने.

मामा : आणि शिक्का मामीकडे आहे. घरी.

भाचा : ड्रॉवरमध्ये होता. काढून ठेवलाय. तुमच्या हाताशीच आहे, शाईच्या डबीसकट.

मामा : तू फार पुढचा विचार करतोस हल्ली.

भाचा : करावा लागतो.

मामा : मला एक सांग, इथे तुला कमी काय आहे? उद्या मी डोळे मिटले की हे सगळं तुझंच आहे. हा बाक, ही भट्टी, गिऱ्हाइकं. कुणाला देणार मी दुसऱ्या?

भाचा : लिहून द्या.

मामा : घरात लिहून?

भाचा : बघा. पुन्हा तेच. परवा शाळेतून फॉर्म आला होता. वडिलांचा व्यवसाय. पोरीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं आणि लिहिलं, ‘आजोबांच्या दुकानात असतात’. असतात! दुकानात काय, वजनकाटासुद्धा असतो.

मामा : लहान आहे ती.

भाचा : ती लहान आहे. मी नाही. सही करा, मामा. हात जोडतो हवं तर. थांबा, हाताला वॉर्निश आहे, पुसून जोडतो.

मामी : कुणाला हात जोडतोयस रे? देव कुठे आहे इथे? अहो, हा डबा कुठे ठेवू, सगळीकडे तारा पसरल्यात. आणि दोघांची तोंडं अशी का?

मामा : काही नाही. तू डबा ठेव आणि जा.

भाचा : बस, मामी. तूच सांग यांना. माझा निकाल आला. नापास. मामांनी फोनवर सांगितलं की मी इथे कामाला नाही. आता ते दुरुस्त करायला एक सही मागतोय, तर वकील आठवतायत.

मामी : निकाल आला होय. तरीच तुझ्या बायकोचा फोन लागेना सकाळपासून. अहो... म्हणजे तुम्ही त्याला अजून सांगितलंच नाही?

मामा : तू घरी जा म्हटलं ना.

भाचा : काय सांगायचं होतं?

मामी : मी सांगते. किती दिवस आपण दोघंच हे मनात दाबून बसायचं? बारक्या, आमचा दादा तिकडे गेला त्या वेळचं पत्र आठवतं तुला?

भाचा : दादाचं? न आठवायला काय झालं. सात वर्षं झाली त्याला तिकडे जाऊन. पत्र मामांनी दिलं, फोटो आपणच काढले. भट्टीजवळचे, तार भरतानाचे. हात माझे, तोंड त्याचं. जवळून काढलेल्यात हात, लांबून काढलेल्यात तो. हसत हसत केलं होतं आपण सगळं, इथेच बसून.

मामी : पत्रात काय होतं ते नाही तू वाचलंस.

भाचा : मला काय वाचायचं होतं? दादा इथे काम करतो, असंच असेल.

मामी : मीच टाइप करून आणलं होतं. एजंटाने मसुदा दिला. म्हणाला, अर्जाला वजन यायला पाहिजे, नाहीतर असले छप्पन्न येतात. त्यात ओळ होती रे... ‘सदर आठ वर्षांत या वर्कशॉपमध्ये वायंडिंगचे काम करणारा हा एकमेव कारागीर असून अन्य कोणीही हे काम केलेले नाही.’

भाचा : एकमेव.

मामी : एजंट म्हणाला, लिहा. आम्ही लिहिलं.

भाचा : कुठली आठ वर्षं? थांब, सांगू नकोस. दादा गाडी घेऊन मित्रांबरोबर फिरायचा ती. मला कावीळ झाली होती आणि सलाइन काढून तुम्ही मला इथे आणून बसवलं होतं, हॉस्पिटलच्या पंपाची मोटार होती म्हणून. ते वर्ष पण त्याचंच असेल ना त्यात?

मामा : उगाच जुनं उकरू नकोस.

भाचा : दुसऱ्या पानावर एक ओळ आहे, मामा. सकाळपासून मला तिचा अर्थ लागत नव्हता. ‘पूर्वी सादर झालेल्या माहितीशी विसंगत.’ मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल. तारखा वगैरे. त्या बाईने तुम्हाला विचारलं होतं. हो ना?

मामा : ...तिच्याकडे जुनी फाइल होती. तेच ऑफिस, तेच वर्कशॉप. म्हणाली, तुम्ही तर लिहून दिलंय की एकच कारागीर होता, आणि तो इकडे आलासुद्धा. मग हा दुसरा कोण?

भाचा : आणि तुम्ही?

मामा : घाबरलो रे मी. मला एवढंच सुचलं, तो कारागीर नाही, तो घरचा आहे.

भाचा : बर्फाच्या कारखान्याचे मालक बसले होते समोर?

मामा : ते... आदल्या दिवशी आले होते.

भाचा : म्हणजे समोर कुणीच नव्हतं.

मामी : मी होते.

भाचा : आणि मी सकाळपासून काय समजतोय? की आमच्या मामांना भाच्याला नोकर म्हणवलं नाही. राग आला होता तुमचा, पण आत कुठेतरी बरंही वाटलं होतं. खरं सांगतो. बायकोला म्हटलंसुद्धा, म्हातारा वेडा आहे, पण माया आहे त्याची.

मामा : माया नाही असं म्हणतोस?

भाचा : काही म्हणत नाही मी. बरं, एक करू. ती आठ वर्षं सोडून देऊ. दादाला राहू द्या. त्याच्यानंतरची सात वर्षं लिहा. त्या सात वर्षांत तर तो इथे नव्हता. हवं तर असंही लिहा की दादाने मला शिकवलं. मी त्याचा शागीर्द. मी खाली सही करतो त्याच्यावर.

मामी : बघा, असं काही होत असेल तर...

मामा : नाही होत! तुला काय कळतंय? एकदा फोनवर नाही म्हटलं, आता हो म्हटलं की ती बाई पुन्हा दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवणार. दादाला फोन लावणार. तूच ना शिकवलंस, मग सांग, म्हणणार. काय सांगेल तो?

भाचा : छत्तीस खाचांच्या मोटारीला कॉइल किती लागतात, एवढं तरी सांगेल की नाही?

मामी : कुठला सांगतो. तो तिकडे मोटारींचं काही करतच नाही रे. गोदामात असतो. पेट्यांवर चिकटपट्ट्या लावतो.

भाचा : पेट्यांवर.

मामी : पहिल्यापासून. तुला म्हणून सांगितलं नाही कधी.

भाचा : माझी आठ वर्षं घेऊन गेला आणि चिकटपट्ट्या लावतोय.

मामा : तुझी काय, माझी काय! वर्कशॉप कुणाचं? आणि पुढच्या वर्षी त्याला तिथलं नागरिकत्व मिळायचंय. आत्ता काही निघालं तर चौघांना उचलून परत पाठवतील. पोरांना आपली भाषासुद्धा नीट येत नाही. इथे येऊन काय करतील ती?

भाचा : आजोबांच्या दुकानात असतील.

मामी : असं नको रे बोलूस.

भाचा : मामी, ही चिठ्ठी बघ. या मोटारीतून निघाली, परवा उघडली तेव्हा. आपली पद्धत आहे ना, मोटार भरली की तारेचा नंबर, वेढे, तारीख आणि भरणाऱ्याचं नाव लिहून चिठ्ठी आत ठेवायची. अकरा वर्षांपूर्वीची आहे. नाव वाच.

मामी : दादाचं आहे.

भाचा : अक्षर?

मामी : ...तुझं.

भाचा : मामांनी सांगितलं होतं, मालकाच्या मुलाचं नाव असलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं. मला पटलंही. एवढंसं नाव, मोटारीच्या पोटात, कोण बघतंय? पण तिकडे अक्षर तपासणारी माणसं असतात म्हणे. या शहरात अशा शे-दोनशे चिठ्ठ्या सहज निघतील. एक पाठवली तरी पुरे.

मामा : धमकी देतोस? माझ्या घरात वाढलास तू. पंधरा वर्षांचा पोरका पोर उचलून आणला मी. ताटात वाढलेलं कधी मोजलं नाही. तू केसाने गळा कापायला निघालास?

भाचा : माझा कशाने कापलात, ते नाही सांगितलंत.

मामी : बारक्या, माझं ऐक. तुला मी दादाहून वेगळा मानला नाही, तुझ्या तापात रात्र रात्र बसलेय. तुझ्या पाया पडते. माझ्या पोराचं घर मोडू नकोस.

भाचा : आणि माझं?

मामी : तुझं अजून उभंच कुठे राहिलंय रे, मोडायला... तसं नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला.

भाचा : बरोबर बोललीस. आतापर्यंत इथे सगळ्यात खरं तूच बोललीस.

मामी : जीभ झडो माझी.

भाचा : राहू दे. मी काही पाठवणार नाही. दादाच्या पोरांनी माझं काही घोडं मारलेलं नाही. मामा, तुमच्यासाठी नाही हे, आधीच सांगतो. तुमचा राग आलाय मला. उद्या उतरेल, परवा उतरेल, असा नाही आलेला.

मामा : उतरेल. रक्ताचं नातं आहे. चल, चार घास खाऊन घे.

भाचा : हा तुमचा कागद. फाडू नका, मागची बाजू कोरी आहे. चिठ्ठ्यांना होईल.

मामा : शहाणा आहेस तू. मला माहीत होतं. हे बघ, दादाचं एकदा पक्कं होऊ दे, मग आपण तुझं बघू. मी स्वतः बघतो.

भाचा : तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा असेन.

मामा : एक्केचाळीस म्हणजे काय वय आहे? ही मोटार किती वेळाची राहिलीय? चार वाजता त्यांचा टेम्पो येतोय.

भाचा : झाली. वॉर्निश करून भट्टीत ठेवली की झाली. चारला मिळेल त्यांना.

मामा : चिठ्ठी?

भाचा : टाकली. तार, वेढे, तारीख. दादा गेल्यापासून नावाची जागा मी कोरीच ठेवत होतो. आज लिहिलं.

मामा : कुणाचं?

भाचा : माझं. पूर्ण, आडनावासकट. तुम्ही म्हणालात ना, असा कुणी नाही इथे. उद्यापासून खरंच नसेल.

मामी : म्हणजे रे?

भाचा : पुलापलीकडच्या वायंडिंगवाल्याकडे जातोय. सकाळी प्रिंट काढायला गेलो तेव्हाच भेटून आलो. त्याला म्हटलं, दुपारी सांगतो. तुम्ही सही केली असतीत तर नाही म्हणून कळवणार होतो.

मामा : त्या माणसाकडे? वीस वर्षं मला पाण्यात पाहतोय तो!

भाचा : हजेरीची वही ठेवतो. पहिल्या तारखेला पावती देतो. साताला शटर ओढतो.

मामी : पण आता तिकडे जायचं तर राहिलं ना? मग कशाला हा हट्ट?

भाचा : पोरीच्या शाळेत फॉर्म दरवर्षी येतो, मामी.

मामा : अरे, पण माझा भाचा! माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, दुसऱ्याच्या दारात! लोक काय म्हणतील, काही विचार केलास?

भाचा : केला. नोकर म्हणतील, मामा. एकदा कुणीतरी म्हणू दे.